मालाचा विमा, मजुराचा नाही

मृगाच्या सरी कोसळल्या की वऱ्हाडात पेरण्यांची धांदल उडते आणि त्याच सुमारास वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर एक ठराविक वाक्य पुन्हा दिसू लागते : 'पावसामुळे रस्ता निसरडा झाल्याने चालकाचे नियंत्रण सुटून ट्रक उलटला, ट्रकमधील मजूर जखमी.' हे वाक्य प्रथम पोलिसांच्या कागदात उतरते, तेथून बातमीत जाते आणि दीड-दोन वर्षांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात विमा कंपनीच्या लेखी उत्तरात पुन्हा अवतरते. त्यातला कर्ता नेहमी पाऊस असतो. ट्रक कोणाचा होता, मजूर त्यात कशासाठी बसले होते, त्यांना कोणी बसविले, टायर किती झिजले होते, रस्त्याची साइडपट्टी कोणी भरावयाची होती, यांपैकी एकाही प्रश्नाला त्या वाक्यात जागा नसते. ज्याचा पाय गुडघ्याखाली चिरडला तो मजूर मात्र 'ट्रकमधील' या एका शब्दात कायमचा अडकून पडतो. हा शब्दच पुढे त्याच्या नुकसानभरपाईच्या आड येतो.

धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील कोरकू मजूर सोयाबीनच्या सोंगणीला, पुढे हरभऱ्याला, मेळघाट उतरून अमरावती आणि अकोला जिल्ह्यांच्या सपाटीवर येतात. कापसाच्या वेचणीला एका गावचे मजूर दुसऱ्या गावी जातात. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या तोडीला टोळ्या निघतात. पहाटे शेतावर पोचवील आणि अंधार पडल्यावर परत आणील अशी एस.टी. या माणसांसाठी नाही. मुकादम सांगतो ते वाहन येते. कधी ते मेटाडोर असते, कधी मालवाहू पिकअप, तर कधी कापसाच्या गाठोड्यांनी शिगोशीग भरलेला ट्रक. फाळका खाली पडतो, माणसे चढतात, ताडपत्री वर ओढली जाते. परतवाड्याहून सेमाडोह-हरिसालमार्गे धारणीला जाणारा घाट असो की पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचा सपाट रस्ता असो, प्रवासाची रीत हीच. या प्रवासात मजुराने काही निवडलेले नसते. वाहन त्याने ठरविलेले नसते, वेळ त्याने ठरविलेली नसते आणि पाऊस लागला म्हणून उतरून पायी जाण्याची मुभाही त्याला नसते.

पाऊस हेच अशा अपघातांचे कारण आहे असे मानणाऱ्यांनी २०२१ या एकाच वर्षातील दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. फेब्रुवारीत, ऐन कोरड्या दिवसांत, वऱ्हाडाला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यात यावल तालुक्यातील किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक रात्री उलटला आणि पंधरा मजूर मालाखाली गाडले जाऊन मेले. ऑगस्टमध्ये, ऐन पावसाळ्यात, बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेड राजा तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या कामावरील लोखंडी सळया आणि त्यांच्यासोबत मजूर वाहून नेणारा टिप्पर उलटला आणि तेरा मजूर ठार झाले. एका घटनेत आकाश निरभ्र, दुसरीत पावसाळा. एकीकडे फळे, दुसरीकडे पोलाद. दोन्हींत सारखे होते ते एवढेच की माणसे मालाबरोबर भरली होती आणि वाहन उलटताच ती मालाखाली आली. ऋतू बदलला तरी मरणाची रीत बदलली नाही, एवढ्यावरून कारणाचा शोध आभाळात घ्यावा की जमिनीवर, हे ठरवायला कायदेपंडिताची गरज पडू नये.

तरीही आभाळाकडे बोट दाखविण्याची परंपरा जुनी आहे आणि कायद्यात तिला 'ईश्वरी कृत्य' असे भारदस्त नावही आहे. मनुष्याच्या कोणत्याही दूरदृष्टीला ज्याचा अंदाज येऊ शकला नसता आणि कोणत्याही वाजवी काळजीने जे टळले नसते, अशा निसर्गाच्या उत्पातातून हानी झाली तर कोणासही जबाबदार धरता येत नाही, असे हे तत्त्व. इंग्लंडमध्ये १८७६ साली एका जमीनदाराच्या बागेतील कृत्रिम तळी असामान्य पावसाने फुटून पूल वाहून गेले, तेव्हा हा बचाव मान्य झाला. पण १९१७ साली ग्रीनॉकच्या खटल्यात तिथल्याच सर्वोच्च न्यायपीठाने, पाऊस असाधारण असला तरी ओढ्याच्या वाटेत बांधकाम करणाऱ्याने त्याचा विचार केलाच पाहिजे, असे सांगून ही पळवाट बरीचशी बुजविली. आपल्याकडे १९५८ चा मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचा निकाल तर वऱ्हाडातील प्रत्येक वकिलाने तोंडपाठ ठेवावा असा आहे. (१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत वऱ्हाड त्याच राज्यात होते, हे जाता जाता नमूद करण्यासारखे.) २.६६ इंच पाऊस पडला त्या दिवशी एक भिंत कोसळून दोन मुले दगावली होती. घरमालकाने पावसाकडे बोट दाखविले. न्यायालयाने म्हटले की पावसाळ्यात एवढा पाऊस पडणे ही काही असाधारण गोष्ट नव्हे आणि तेवढा पाऊस सोसण्याइतकी भिंत मजबूत ठेवणे हे मालकाचे काम होते.

हाच न्याय रस्त्याला आणि ट्रकला लावून पाहावा. जून ते सप्टेंबर वऱ्हाडात पाऊस पडतो, परतीचा पाऊस ऑक्टोबरातही सोंगणीवर येतो आणि फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट शेतकऱ्याला नवी नाही. चिखलदऱ्याच्या घाटात धुके उतरते हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. काळी भारी जमीन पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर बांधलेला डांबरी रस्ता त्यामुळे लाटांसारखा वर-खाली होतो. खारपाणपट्ट्यात तर हे अधिकच घडते. त्याच मातीने भरलेली साइडपट्टी पहिल्या दोन पावसांत लोण्यासारखी मऊ होते. समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी भरलेल्या ट्रकने डावी चाके डांबराखाली उतरविली की ती रुततात, वरचा बोजा कलतो आणि ट्रक आडवा होतो. यांत अकल्पित असे काय आहे? ज्याला हे सारे ठाऊक आहे त्याने गुळगुळीत टायरांवर, बंद पडलेल्या वायपरवर, डोंगराएवढा माल आणि त्यावर पंचवीस माणसे चढवून गाडी काढावी आणि मग इंद्रदेवाला जामीन राहावयास सांगावे, हे न्यायाच्या कोणत्या पुस्तकात बसते?

न्यायालयांनी या बाबतीत कामगारांची बाजू अगदीच सोडलेली नाही, हे मान्य करावयास हवे. नागपूरहून पांढुर्ण्याला जाणाऱ्या रस्त्यावर डिसेंबर १९६० मध्ये एका जिनिंग-प्रेसिंग कंपनीची मोटार झाडावर आदळली आणि व्यवस्थापकाने सोबत घेतलेला प्रवासी मरण पावला. पुष्पाबाई उदेशी विरुद्ध रणजित जिनिंग या नावाने तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७७ साली न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. पहिली ही की, सरळ जाणारी मोटार रस्ता सोडून झाडावर आदळते तेव्हा घटनाच निष्काळजीपणा सांगत असते. मृताच्या विधवेने चालकाची चूक पुराव्याने सिद्ध करावी अशी सक्ती तिच्यावर करता येत नाही, उलट चूक नव्हती हे मालकानेच दाखवावे. दुसरी ही की, कंपनीच्या कामावर निघालेल्या व्यवस्थापकाने कोणाला सोबत घेतले तर 'ते त्याने आपल्या मनाने केले' असे म्हणून कंपनीला अंग काढून घेता येत नाही. कापसाच्या पैशावर उभ्या असलेल्या उद्योगाविरुद्ध मिळालेला हा निकाल वऱ्हाडच्या मजुराच्या दृष्टीने मोलाचा आहे.

पुढे २००१ साली कौशनुमा बेगम यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय आणखी एक पाऊल पुढे गेले. टायर फुटून जीप उलटली आणि तिच्या धडकेने पादचारी दगावला होता. चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही, तरीही रस्त्यावर धोकादायक यंत्र आणणाऱ्याने त्याच्या परिणामांची जोखीम उचलली पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. टायर फुटणे हे ईश्वरी कृत्य नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयानेही २०२३ साली एका अपिलात विमा कंपनीला सुनावले. त्याच वर्षी १ जुलैला समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ खासगी बस पेटून पंचवीस प्रवासी गेले, तेव्हाही प्रथम टायर फुटल्याची कथा पुढे आली होती. अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या तपासणीत तिला आधार सापडला नाही. दैवाचे नाव घेण्याची घाई कोणाला असते, हे अशा वेळी दिसून येते.

तेव्हा पावसाचा दरवाजा न्यायालयांनी बऱ्याच अंशी बंद केला आहे. दुसरा दरवाजा मात्र संसदेने स्वतः उघडा ठेवला आहे आणि गरिबाची नुकसानभरपाई त्याच दाराने निसटते.

मोटार वाहन कायद्याने प्रत्येक वाहनाचा त्रयस्थासाठी विमा सक्तीचा केला. हेतू उदात्त होता. जखमी माणसाला मालकाच्या दारिद्र्याची शिक्षा होऊ नये, त्याच्या भरपाईची हमी सामुदायिक निधीतून मिळावी, असा तो समाजवादी म्हणता येईल इतका सरळ विचार होता. परंतु १९३९ च्या कायद्यातच मालवाहू गाडीत बसलेल्या माणसाबद्दल खोच ठेवलेली होती. १९८८ च्या नव्या कायद्यातील 'कोणतीही व्यक्ती' या शब्दांच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने सत्पाल सिंग खटल्यात, १९९९ च्या अखेरीस, ट्रकमधील फुकट प्रवाशालाही विम्याचे संरक्षण आहे असा निर्णय दिला. तीन वर्षे हा दिलासा टिकला. डिसेंबर २००२ मध्ये आशा राणी खटल्यात मोठ्या पीठाने तो फिरविला. १९९४ च्या दुरुस्तीने 'मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी' एवढ्यांचाच उल्लेख केला आहे, त्याअर्थी मालवाहू गाडीतील इतर माणसे विम्याबाहेर आहेत, असा तो तर्क. २०१९ च्या दुरुस्तीने तर आडपडदाही ठेवला नाही. प्रवाशांना संरक्षण देणाऱ्या कलमातच 'मालवाहू वाहनातील फुकट प्रवासी वगळून' असे शब्द संसदेने घातले आणि १ एप्रिल २०२२ पासून ते अमलात आले.

याचा अर्थ व्यवहारात काय होतो? ट्रक उलटून रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसावर पडला तर त्या माणसाला विमा कंपनी भरपाई देते. त्याच ट्रकच्या डाल्यात बसलेल्या मजुराला देत नाही. मालाचा वेगळा विमा उतरविला असेल तर कापूस भिजल्याची भरपाई मिळते. कापूस वेचणारी बाई मात्र कंपनीच्या हिशेबात नसते. गाठोड्यांवर बसून स्वतःचा कापूस अकोटच्या बाजारात नेणारा शेतकरी 'मालाचा मालक' म्हणून तरी सुरक्षित असावा, असे कोणासही वाटेल. पण २००७-०८ च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की मालाचा मालक म्हणजे चालकाच्या केबिनमध्ये बसणारा. केबिनमध्ये जागा किती असते आणि तेथे कोण बसतो, हे न्यायमूर्तींना कोणी सांगितले नसावे. मालकाचा मुनीम केबिनमध्ये बसतो, शेतकरी मालावर.

मजुराच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारला जातो आणि तोच निर्णायक ठरतो : हा मजूर कोणाचा? ट्रकमालकाने स्वतः कामाला ठेवलेला चालक, क्लिनर, हमाल असेल तर १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यापासून चालत आलेले आणि नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावलेले दायित्व मालकावर येते, आणि त्याचा विमा उतरविण्याची सोय पॉलिसीत असते. परंतु शेतमजूर ट्रकमालकाचा नसतो. तो शेतकऱ्याचा असतो, किंवा व्यापाऱ्याचा, किंवा मुकादमाचा. शेतकरी म्हणतो, मी मुकादमाला उक्ते दिले. मुकादम म्हणतो, मी फक्त माणसे गोळा करतो. व्यापारी म्हणतो, माझा संबंध मालाशी. ट्रकमालक म्हणतो, मी भाड्याने गाडी दिली, माणसे बसवू नका असे चालकाला बजावले होते. चालक तर पावसाचेच नाव घेतो. सकाळी ज्याच्या श्रमावर पाचजणांचा हक्क होता, त्याच्या मोडलेल्या पायावर संध्याकाळी एकाचाही नसतो.

आणि कायदा ज्याला 'फुकट प्रवासी' म्हणतो तो खरोखर फुकट असतो काय? त्याच्या मजुरीतून गाडीभाडे कापले जाते, नाहीतर मजुरीचा दरच येण्याजाण्याचा खर्च धरून ठरलेला असतो. त्याला शेतावर पोचविणे ही त्याच्यावरची मेहेरबानी नसून काम करून घेणाऱ्याची गरज आहे. २०१९ च्या शब्दांना न्यायालयात भिडण्यास येथेच वाव आहे. ज्याला दुसऱ्याच्या धंद्यासाठी वाहून नेले जाते तो फुकट प्रवासी नव्हे, असा युक्तिवाद कामगार चळवळीतील वकिलांनी नेटाने मांडला पाहिजे. मालवाहू गाडीच्या परवान्याचा भंग झाला, ही विमा कंपनीची पुढची ढाल असेल. परंतु परवाना नसलेल्या चालकाने पादचाऱ्याला उडविले तर कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, हे स्वरण सिंग खटल्याने २००४ सालीच प्रस्थापित केले आहे. मालकाने केलेल्या नियमभंगाची शिक्षा पादचाऱ्याला होत नसेल तर मजुराला का व्हावी? बलजित कौर (२००४), मनुआरा खातून (२०१७) अशा काही निकालांत सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाहेरच्या प्रवाशांसाठीही 'आधी द्या, मग वसूल करा' असा आदेश दिला. पण तो त्या त्या पीठाच्या दयाबुद्धीवर अवलंबून राहिला. हक्क म्हणून तो कलमात आलेला नाही.

विमा कंपनी सुटली की उरतो कोण? बहुधा एका ट्रकचा मालक. कर्जावर ट्रक घेतलेला, हप्ते थकलेला, अनेकदा काल-परवापर्यंत स्वतःच चालक असलेला. त्याच्याविरुद्ध दहा लाखांचा हुकूम झाला तरी वसुलीत जुना ट्रक आणि दोन खोल्यांचे घर याखेरीज काही हाती लागत नाही. कागदावर दावा जिंकलेला मजूर आणि कागदावर दावा हरलेला मालक, दोघेही कंगाल. भारतीय न्याय संहितेतील जबर शिक्षेच्या तरतुदीविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला, तेव्हा शहरी मध्यमवर्गाने त्यांना बेजबाबदार ठरविले. त्या चालकांचे सारेच म्हणणे बरोबर होते असे नव्हे. पण ज्याला अठरा-अठरा तास गाडी हाकावी लागते, ज्याला पावसात थांबलास तर भाडे कापीन असे बजावले जाते, त्याच्यापाशी येऊन साखळी थांबते आणि भाडे कापणारा साखळीत दिसतच नाही, हे त्यांचे दुःख खोटे नव्हते.

साखळीत न दिसणारा आणखी एकजण म्हणजे रस्ता बांधणारा आणि राखणारा. अमरावती-अकोला हा राष्ट्रीय महामार्ग वर्षानुवर्षे खड्ड्यांसाठी प्रसिद्ध होता. जून २०२२ मध्ये त्याच मार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरची एक मार्गिका अंथरून जागतिक विक्रमाची नोंद झाली. सातशेवर माणसे त्यासाठी रात्रंदिवस राबली, दिल्लीहून अभिनंदन झाले. विक्रमाबद्दल असूया नाही. परंतु मधल्या वर्षांत त्या खड्ड्यांत जे हातपाय मोडले त्यांची मोजदाद कोणत्या पुस्तकात झाली? २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आणून सदोष रस्त्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास रस्त्याचे प्राधिकरण, ठेकेदार, सल्लागार यांना दंडाची तरतूद केली, हे स्वागतार्ह. दंडाची कमाल मर्यादा मात्र एक लाख रुपये. कोट्यवधींचे ठेके घेणाऱ्यांना एक लाख! ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलपायी मृत्यू झाल्यास सहा लाख आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख भरपाई द्यावी, ती जबाबदार अधिकारी व ठेकेदारांकडून वसूल करावी, असा आदेश दिला. तो निकाल मुंबई-ठाण्याच्या खड्ड्यांवरून आला. दर्यापूर-मूर्तिजापूरच्या खड्ड्यांसाठी तो वापरून घेणे हे येथल्या कार्यकर्त्यांचे काम आहे.

एक आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. ट्रकमधील माणसांना विम्याचे संरक्षण दिले तर माणसे ट्रकमध्ये कोंबण्यास उत्तेजनच मिळेल, असे म्हटले जाते. वरवर हा युक्तिवाद मजुराच्या जिवाच्या काळजीचा वाटतो. पण १९३९ पासून विम्याचे संरक्षण नाकारून माणसे कोंबणे थांबले आहे काय? ज्याला संरक्षण नाही तो मजूर वाहन ठरवीत नाही, आणि जो वाहन ठरवितो त्याला संरक्षण नसल्याची झळ पोचत नाही. अशा स्थितीत विमा नाकारल्याने धोका एका माणसानेही कमी होत नाही, त्याची किंमत फक्त मजुराच्या माथी राहते. आधी भरपाई आणि मग मुकादम, व्यापारी, ट्रकमालक या सर्वांकडून वसुली असा नियम झाला तरच कोंबणारा हात आखडेल. विम्याचा हप्ता वाढेल म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावे की त्रयस्थ विम्याचे दर केंद्र सरकार ठरविते. मालवाहू गाडीच्या वजनाप्रमाणे ते आजही वेगवेगळे आहेत आणि त्यात माणसासाठी काही रुपये वाढविल्याने कापसाचा व्यापार बुडणार नाही.

'हा मजूर कोणाचा?' या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने एकदा दिलेले आहे, याचा आज विसर पडला आहे. बाजारपेठेतला हमाल दिवसाला दहा दुकानांत पाठीवर पोती वाहतो, तेव्हा त्याचा मालक कोण, हाच पेच १९६० च्या दशकात होता. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची, पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमालांची संघटना उभी केली आणि त्या लढ्यांच्या रेट्याने १९६९ चा माथाडी-हमाल कायदा आला. दहापैकी कोण मालक हे शोधत बसण्याऐवजी त्या कायद्याने मंडळे स्थापन केली, हमालांची नोंदणी केली आणि काम घेणाऱ्या प्रत्येकाकडून मजुरीवर लेव्ही वसूल करून भविष्यनिर्वाह, रजा, नुकसानभरपाई यांची सोय लावली. त्या मंडळांचे आज काय झाले आहे हा स्वतंत्र विषय आहे. कल्पना मात्र अस्सल होती. बाजार समितीत येणाऱ्या कापसावर, सोयाबीनवर आणि जिनिंगमध्ये बांधल्या जाणाऱ्या गाठींवर अल्पशी लेव्ही बसवून वेचणी-सोंगणीच्या मजुरांसाठी असा निधी का उभारता येऊ नये? राज्य शासनाची शेतकरी अपघात अनुदानाची योजना आहे, तीत मृत्यूला दोन लाख आणि एक हात वा पाय गेल्यास एक लाख मिळतात. पण ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या कुटुंबांसाठी आहे. भूमिहीनाचा पाय तिच्यात बसत नाही.

कायदा बदलेपर्यंत जखमींना वाऱ्यावर सोडता येणार नाही. तालुक्यातालुक्यातील कार्यकर्त्यांनी काही गोष्टी आतापासून ध्यानी घेतल्या पाहिजेत. २०२२ पासून दावा दाखल करण्यास सहा महिन्यांची मुदत पुन्हा लागू झाली. मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला खरा, परंतु अंतरिम आदेशाच्या भरवशावर राहणे धोक्याचे. सोंगणी संपवून मेळघाटात परतलेला कोरकू मजूर सहा महिन्यांत अमरावतीच्या कचेरीत पोचेल ही अपेक्षाच क्रूर आहे. त्याच्याकडे कार्यकर्त्यालाच जावे लागेल. कोणाचाही दोष सिद्ध न करता जबर दुखापतीसाठी अडीच लाख आणि मृत्यूसाठी पाच लाखांची तरतूद कलम १६४ मध्ये आहे, ती अनेकांना ठाऊकच नाही. पोलिसांनी अपघाताचा अहवाल तीन महिन्यांच्या आत न्यायाधिकरणाला व विमा कंपनीला पाठविणे बंधनकारक आहे. तो पाठविला की नाही हे ठाण्यात जाऊन विचारणारा कोणीतरी असला पाहिजे. अमरावतीच्या इर्विनमध्ये किंवा अकोल्याच्या सर्वोपचारमध्ये डॉक्टरने प्रमाणपत्रावर तीस टक्के अपंगत्व लिहिले म्हणून मजुराची कमाई तीसच टक्के बुडाली असे होत नाही. ज्याला उकिडवे बसता येत नाही त्याची सोंगणी शंभर टक्के संपली. अपंगत्वाचा टक्का आणि कमाईच्या नुकसानीचा टक्का वेगळे असतात, हे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात नि:संदिग्धपणे सांगितले आहे.

सर्वांत महत्त्वाचा दिवस पहिला. ट्रक अजून आडवा पडलेला असतो, पाऊस रिपरिपत असतो आणि हवालदार छत्रीखाली पंचनामा लिहीत असतो. त्या वेळी तेथे उभ्या असलेल्या कार्यकर्त्याने टायरांची नक्षी किती उरली आहे, साइडपट्टी कोणत्या मातीची आहे आणि किती खचली आहे, माल किती होता, मजुरांना कोणी कोठून कोठे नेण्यासाठी बसविले होते, भाडे कापले जात होते का, हे एकेक करून लिहवून घ्यावे. छायाचित्रे काढावीत. आणि जखमींच्या जबाबात 'ट्रकने प्रवास करीत होतो' एवढ्यावर वाक्य थांबू देऊ नये. अमुक शेतावरच्या कामासाठी, अमुक मुकादमाने, अमुक व्यापाऱ्याच्या मालाबरोबर नेत असताना, असे पूर्ण वाक्य त्यात उतरले पाहिजे. पावसाचा उल्लेख पोलीस स्वतःहून करतातच.